आजीच्या लुगड्याचा शर्ट

क्षितिजाने प्रितेशला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिच्या काखेत स्टीलची कढई होती आणि त्याच्या अंगावर तिच्या आजीचं लुगडं.

लुगडं म्हणजे, लुगड्याचा शर्ट. जांभळा, बारीक पांढऱ्या चौकडीचा, आणि खिशावर हिरव्या धाग्याचा रफू. जांभळा धागा संपला म्हणून आजीने हाताला लागला तो हिरवा ओवला होता आणि पुढे जन्मभर त्यावरून घरच्यांची थट्टा सोसली होती. असा रफू जगात दुसरा असणं शक्यच नव्हतं.

"तुम्ही... तुम्ही माझी आजी घातलीय!" क्षितिजा ओरडली. "म्हणजे — आजीचं लुगडं!"

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग कढईकडे, मग स्वतःच्या खिशाकडे. "आजींना आवडलं असतं का?" त्याने हळूच विचारलं.

वसईच्या पारनाक्याजवळचं ते छोटंसं दुकान. पाटीवर एकच शब्द, 'फिरून'. आत जुन्या साड्यांचे शर्ट, गोधड्यांची जॅकेटं, कुणाच्या तरी आजोबांचे कोट. एरवी क्षितिजा तिथे तासभर रमली असती. आज तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

झालं होतं असं. भावाचं, संकेतचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. आई आमंत्रणं करायला रत्नागिरीला गेली होती आणि जाताना सांगून गेली होती, "पाहुणे येतील, कपाट जरा रिकामं कर." गेल्या आठवड्यात क्षितिजाची घरूनच ऑफिसची मीटिंग चाललेली, तेवढ्यात खाली भांडीवालीची हाक आली. जुने कपडे द्या, नवं भांडं घ्या! क्षितिजाने कानातला इअरफोन न काढताच कपाटातली गाठोडी उचलून दिली. त्यात आजीच्या विरलेल्या लुगड्याचं एक गाठोडं होतं. वरचं फाटकं, म्हणजे आतलंही फाटकंच असणार, असा तिने हिशेब केला. रेशीम नेहमी मऊ सुती लुगड्यात गुंडाळून ठेवतात, हे तिला माहीत नव्हतं थोडंच? पण त्या घटकेला बुद्धी गहाण पडली होती. भांडीवालीने मात्र गाठोडं उघडून पाहिलं असावं. नाहीतर एवढी मोठी कढई कोण घासाघीस न करता देतं?

त्या लुगड्यात आईचा लग्नातला शालू होता, हे तिच्या आज लक्षात आलं. बाबांनी स्वतः निवडलेला. बाबा गेल्यापासून आईने त्याला हात लावला नव्हता, आणि आता पहिल्यांदाच म्हणाली होती, "संकेतच्या लग्नात तोच नेसेन. म्हणजे हेही मांडवात आहेत असं वाटेल."

भांडीवालीने सातिवलीच्या गोडाऊनचा पत्ता दिला, गोडाऊनवाल्याने या दुकानाचा. आई उद्या परत येणार होती.

"तुम्हाला ही कढई देते," क्षितिजा एका दमात म्हणाली, "मला शालू द्या. डाळिंबी रंगाचा."

"आमच्याकडे फक्त जुनं घेतात, मॅडम. कढई तर कोरी दिसतेय—"

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मागून कर्रर्र... असा आवाज आला. आतल्या टेबलावर दुकानातलं शिवणकाम करणारी जीना आंटी मोठी कात्री चालवत होती आणि तिच्या पायाशी डाळिंबी रेशमाच्या पट्ट्या पडल्या होत्या.

क्षितिजा कढई मांडीवर घेऊन जमिनीवर बसली आणि रडू लागली. अगदी लहान मुलीसारखी, नाक ओढत.

"अगो बाय, काय झालं?" जीना आंटीने कात्री टाकली. "प्रितेश, काय बोलला तू हिला?"

"मी कुठे..." तो घाईघाईने तिच्यासमोर उकिडवा बसला. "ऐका. ऐका ना! ही जुनी ओढणी आहे. तुमचा शालू नाही. तुमचा शालू वटार गावात आहे. आमच्या घरी. अख्खा!"

"खरंच?"

"आजीची शपथ." त्याने खिशावरच्या हिरव्या रफूवर हात ठेवला. रडता रडता तिला हसू फुटलं, आणि त्याच्या डोळ्यांतही काहीतरी हललं. ते काय, हे तेव्हा दोघांनाही कळलं नाही. जीना आंटीला मात्र कळलं. ती आत जाऊन उगाच सुईत दोरा ओवत बसली.

स्कूटरवरून वटारकडे जाताना थंडी वाजत होती. नाताळ जवळ आलेला, घरोघरी कागदी तारे टांगलेले. केळीच्या वाड्यांतून ओल्या मातीचा वास येत होता.

"पण शालू घरी का नेलात?" तिने मागून विचारलं.

"आईचा नियम आहे. तीच सांगेल."

प्रितेशची आई, जिजाबाई, ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती. हकीकत ऐकून ती उठली, आतून शालू घेऊन आली आणि त्याच्या पदराचा कोपरा उलगडून दाखवला. तिथे हळदीकुंकवाचं बोट उमटलेलं होतं. नवी साडी नेसण्याआधी लावतात तसं, इतक्या वर्षांनी फिकटलेलं.

"बोट लागलेल्या साडीला कात्री लावायची नाय, मी याला पयल्याच दिवशी सांगितलंय. कोनीतरी शोधत येतंच. आलीस ना तू?"

क्षितिजाने शालू छातीशी धरला. कितीतरी वेळाने तिचा श्वास पोटापर्यंत गेला.

"थांब, रेशीम असं उघडं नेऊ नये," म्हणत जिजाबाईने स्वतःचं मऊ झालेलं हिरवं लुगडं शालूभोवती गुंडाळून दिलं.

दुसऱ्या दिवशी आई आली. तिने कपाट उघडलं, गाठोडं काढलं, सोडलं, पुन्हा बांधलं आणि चहा टाकायला गेली. सुटले बाई, म्हणून क्षितिजा पलंगावर आडवीच झाली.

तेवढ्यात फोन वाजला. प्रितेशचा मेसेज. "कढई दुकानात राहिलीय. न्यायला येताय, की भजी तळू?"

ती गेली. भजी खाल्ली. पुढच्या आठवड्यात कोट बघायला गेली, मग बटणं निवडायला, मग काहीच कारण नसताना. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, लक्षातही आलं नाही. कढई मात्र दर वेळी दुकानातच राहून जायची.

"एक सांगू?" एका संध्याकाळी शटर ओढता ओढता तो थांबला. "तू आलीस की रोज भीती वाटते... आज कढई घेऊन गेली, तर परत कशाला येईल?"

क्षितिजाने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मग... नेतच नाही," ती म्हणाली.

तो नुसता हसत राहिला, आणि शटर अर्धंच राहिलं.

लग्नाला तिने त्याला बोलावलं, पण बजावून. "तो शर्ट घालू नकोस हं! आई ओळखेल."

तो आला, कोटाची सगळी बटणं लावून.

"आत काय आहे?" तिने संशयाने विचारलं.

"आजी," तो कुजबुजला. "त्यांच्याच नातवाचं लग्न, आणि त्यांना घरी ठेवून येऊ?"

नेमका हॉलचा एसी बंद पडला. प्रितेश घामाने निथळला आणि शेवटी कोट काढून उभा राहिला. त्याच वेळी डाळिंबी शालू नेसलेली विनयाताई, म्हणजे क्षितिजाची आई, समोरून आली. तिची नजर खिशावर गेली, आणि तिने पुढे होऊन तो हिरवा रफू दोन बोटांत धरला.

"आई, मी सांगणारच होते..." क्षितिजा घाईघाईने मध्ये आली.

"काय सांगणार? मी आले त्या दिवशीच कळलंय मला. गाठोडं जांभळ्या लुगड्याचं ठेवून गेले होते, ते हिरवं कसं झालं? भांडीवालीनेही कढईचं सांगितलंच की." आईने डोळे पुसले, पण ती हसत होती. "शालू धड होता. म्हटलं, पोरगी स्वतःहून बोलेल तेव्हा बोलेल."

"काकू, मी शर्ट परत करतो," प्रितेश गडबडून म्हणाला. "म्हणजे आत्ता नाही... धुऊन."

"आणि ते हिरवं लुगडं कुणाचं?"

"माझ्या आईचं."

विनयाताईने एकदा लेकीकडे पाहिलं. लेक शालूच्या रंगाची झाली होती.

"मग राहू दे," ती म्हणाली. "तुमच्या घरचं आमच्याकडे, आमच्या घरचं तुमच्याकडे. आता परत कशाला करायचं?"

शालूचा पदर सावरत ती मांडवाकडे वळली, आणि जाता जाता म्हणाली, "आईला घेऊन ये रे एकदा जेवायला. आणि ती कढई कुठे आहे, तेही मला कुणीतरी सांगा."