जास्तीचे दोनशे मिलिलिटर

मोजमापातील दोन टक्क्यांहून अधिक फरकाला मी चूक म्हणतो; इतर त्याला निसर्ग म्हणतात, आणि आमचा वाद तेथेच सुरू होतो. आमच्या एमआरआय विभागात रुग्णाला पिशवीतून झेनॉन वायू नेमका एक लिटर ओढायला लावतात. वायू पोहोचतो तेथे फुप्फुस चित्रात उजळते. काळा राहिलेला भाग निकामी. चित्रातील बेरीज पिशवीपेक्षा अधिक भरणे अशक्य.

त्या दुपारी यंत्रात माझी धाकटी बहीण होती. तिच्या उजव्या फुप्फुसाचा खालचा कप्पा निकामी निघाला, तर उद्या कापायचा होता. आकडा मी द्यायचा होता.

"लहानपणी माझ्या पेन्सिली मोजायचास, दादा," ती आतून माइकवर म्हणाली. "आता फुप्फुसं. काही सुधारला नाहीस."

"गप्प पड. ओढ. रोख."

बेरीज बाराशे मिलिलिटर आली. जास्तीचे दोनशे त्याच कप्प्यात.

"गुणक लावून जुळवून टाकू का, सर?" तंत्रज्ञ बाई म्हणाल्या. "सर्जनचा दोनदा फोन येऊन गेलाय."

"जुळवलेला आकडा खरा नसतो, बाई."

बहिणीला बाहेर काढून, ठाऊक आकारमानाचा, झेनॉन भरलेला काचेचा गोळा आत ठेवला. यंत्र एका मिलिलिटरनेही चुकले नाही.

मग बहिणीला पुन्हा आत घेतले. या खेपेस झेनॉन दिलाच नाही, नुसती हवा. चित्र संपूर्ण काळे यायला हवे होते.

कप्पा उजळला. दोनशे.

मी सलग चित्रे घ्यायला सांगितली. तिने श्वास रोखला. तिच्या छातीवरील, श्वासाची हालचाल टिपणाऱ्या पट्ट्याची रेघ पडद्यावर सरळ झाली. कप्पा मात्र आकसत होता, फुगत होता. एकशे सत्तर. दोनशे. एकशे सत्तर. गाढ झोपलेल्या माणसाच्या लयीत.

"सर, सोळा सेकंद झाले."

मी आकडे उतरवीत राहिलो.

"सर, तीन मिनिटं! सोडायला सांगा त्यांना!"

मी माइक दाबला. "श्वास सोड. ऐकतेस ना?"

टेबलावरचा फोन वाजू लागला.

"कापू नका म्हणून सांगा, सर," बहिणीचा आवाज आला; स्पष्ट, संथ.

पट्ट्याची रेघ सरळच होती. कप्पा तेवढा शब्दागणिक आकसत गेला: एकशे सत्तर, एकशे चाळीस, एकशे दहा.