वाळवणखोलीतला पहारा

सागरतळ संशोधन केंद्राच्या वाळवणखोलीला आजवर कधी कुलूप लागलं नव्हतं. डॉ. हेमलता परुळेकरांनी ते स्वतः बाजारातून आणलं आणि किल्ली ओळखपत्राच्या दोरीत अडकवून गळ्यात घातली.

कारणही तसंच होतं. प्रवाळांची पाहणी करताना यशवंत तांडेल या पाणबुड्याचा घसा पाण्याखालीच सुजला. वर काढेपर्यंत तो काळानिळा पडला होता. जीव वाचला एवढंच. सिलिंडरमधली हवा तपासली, ती स्वच्छ निघाली. राहिला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरची हवा बेताच्या दाबाने तोंडात सोडणारं यंत्र. तो यशवंतचा स्वतःचाच होता, आणि त्याला आतून हेमलताबाईंचा शुद्धिलेप दिलेला होता.

शुद्धिलेप हा जिवंत जंतूंचा पातळ थर. रेग्युलेटरमध्ये ओल राहिली की बुरशी धरते, मीठ साचतं आणि झडपा चिकटतात. हा थर ओल शोषतो, मीठ सोडवतो आणि बुरशीला मारतो. डुबकीनंतर रेग्युलेटर वाळवणखोलीत टांगायचा. तिथला पंखा खोलीतली हवा त्याच्या नळीतून फिरवत राहतो, आणि बाकीचं लेप बघून घेतो. बाईंनी उमेदीची सगळी वर्षं त्यात घातली होती. त्यामुळे त्यात खोट असू शकते हे सोडून इतर सगळ्या शक्यता त्यांना सुचत होत्या.

त्यातली पहिली शक्यता म्हणजे पाणबुड्यांचे प्रमुख जयवंत कुबल.

"बाईनू, रेग्युलेटर गोड्या पाण्यात बुडवूचो, तोंडाक टोपी घट्ट लावूची, हवा सोडूचा बटण दाबूचा नाय आणि सावलीत टांगूचो," कुबल पहिल्या दिवसापासून म्हणत आले होते. "हेच्यासाठी जितो लेप कित्याक व्हयो?"

यशवंतच्या अपघातानंतर ते काहीच बोलले नाहीत, हे बाईंना जास्त खटकलं. एकदा ते रेग्युलेटर नाकाशी धरून हुंगताना दिसले. बाईंना पाहताच त्यांनी तो खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ते हसून बोलले, तेही बाईंना संशयास्पद वाटलं. एकदा मनात किल्मिष आलं की माणसाचं शिंकणंसुद्धा पुरावा होतं. यशवंतच्या रेग्युलेटरला कुबलनीच काहीतरी चोपडलं असणार, याची बाईंना खात्री पटत चालली.

समुद्र खवळला आणि डुबक्या बंद झाल्या. तेवढे दिवस बाई वाळवणखोलीत आतून कडी लावून बसल्या. जाताना बाहेरून कुलूप. आत बसल्या बसल्या त्या कुबलविरुद्धचा अहवाल ध्वनिमुद्रकावर तोंडी सांगत होत्या. अहवाल लांबत गेला, कारण रागाला मुद्दे कमी पडत नाहीत.

कुबलनी एकदाच दार वाजवलं. "बाईनू, राखण कोणापासून करतास?"

"ज्याला कळायचं त्याला कळतंय," बाई म्हणाल्या.

दाराबाहेर पावलं वाजली. मग ती लांब गेली.

समुद्र शांत झाल्यावर बाईंनी स्वतः कुलूप उघडून रेग्युलेटर मोजून दिले. कुबल दोन तरुण पाणबुड्यांना घेऊन होडीने निघाले. होडी दिसेनाशी झाली आणि मुंबईहून डॉ. इरफान मुकादमांचा फोन आला. ते जंतुशास्त्रज्ञ, यशवंतच्या रेग्युलेटरवरचा लेप त्यांच्याकडे तपासायला दिला होता.

"विष सापडलं का?" बाईंनी आधी तेच विचारलं.

"सापडलं, पण ते बाहेरून आलेलं नाही. लेपानेच बनवलंय. मला सांगा, पाणबुड्याच्या तोंडातले जंतू आणि घाण यांतला फरक लेपाला कळतो कसा?"

"मीच तसं शिकवलंय. जे सतत येतं ते आपलं, जे क्वचित येतं ती घाण. घाण मारायची."

"यशवंत मध्ये रजेवर होता?"

"बहिणीच्या लग्नाला गेला होता."

"तेव्हा त्याचा रेग्युलेटर कोणी वापरला?"

बाईंना आठवलं. नुसता पडून राहिला तर बिघडतो म्हणून रजेवरच्या माणसाचा रेग्युलेटर कुबल दुसऱ्याला वापरायला देत. तो त्यांचा जुना रिवाज होता. तेव्हा एक नवी मुलगी त्याच्यावर थोडा थोडा वेळ सराव करत होती; पहिले काही दिवस ती खोकायची, ते सगळ्यांनी नवखेपणावर घातलं होतं.

"म्हणजे लेपाला ती मुलगी आपली वाटली, आणि यशवंत परत आला तो..."

"घाण म्हणून," मुकादम म्हणाले. "कोणाचा काही दोष नाही. ज्याचा रेग्युलेटर त्यानेच वापरला तर भीती नाही."

बाईंना एकदम हलकं वाटलं आणि लगेच स्वतःची लाजही वाटली.

"फक्त एक पथ्य पाळा," मुकादम पुढे म्हणाले. "वाळवताना खोलीत कोणी थांबू नये. पंखा तिथलीच हवा नळीतून फिरवतो. उच्छ्वासात तुषार असतात, बोलताना तर फारच. पाणबुड्याचा श्वास तासभर, खोलीतला दिवसभर. लेप खोलीतल्या माणसालाच आपला धरून बसेल."

बाईंनी फोन तसाच टाकला आणि बिनतारी यंत्राकडे धाव घेतली. "विश्राम, सगळ्यांना वर बोलव. आत्ता."

होडीवरच्या विश्राम मोंडकरने पाण्यात परत बोलावण्याचा भोंगा वाजवला. दोघं तरुण खोकत वर आले. त्यांना पुढे घालून कुबल सगळ्यात शेवटी वर आले. त्यांचा घसा जवळजवळ मिटला होता.

"ऑक्सिजन दे त्यांना," बाई म्हणाल्या.

"देतंय, पण ते मास्क लावूक देनत नाय," विश्रामचा आवाज आला. "हाताने ढकलतत. खुणेन इचारतत, ह्यो मास्क खय होतो? बाईंच्या खोलीत?"

"नाही. तो होडीवरच होता. त्याला लेप नाही."

थोडी खरखर. "मान हलवतत, नाय म्हणतत. बाई, ओठ निळे पडाक लागलेत."

"यंत्र त्यांच्या कानाशी धर," बाई म्हणाल्या. "जयवंतराव, मला वाटलं यशवंतला तुम्ही विष घातलं. ते खोटं होतं, लेपच तसा वागला. तुमच्या रेग्युलेटरची राखण करायला मी त्या खोलीत बसले, दिवसदिवस तुमच्याविरुद्ध बोलत राहिले. त्या बोलण्याने तुमचे रेग्युलेटर माझे झाले आणि तुम्ही परके. हे मी केलंय, नकळत केलंय. मास्कला माझा हातही लागलेला नाही. माझ्यावर विश्वास ठेवायला तुमच्याकडे एकही कारण नाही, तरी ठेवा."

यंत्रात खरखर झाली.

"लावल्यानी," विश्राम म्हणाला. "बाई, मास्क लावल्यानी."

बाईंना काहीतरी बोलायचं होतं. त्यांनी बिनतारी यंत्राचा माइक तोंडापासून लांब धरला आणि तशाच उभ्या राहिल्या.