दोनशे पंचेचाळीस अंश

फौजदार पंडितांनी खोकल्याच्या औषधाच्या दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या.

"मास्तर, लोधीपुऱ्यात आठ दिवसांत तीन मुलं गेली. तिघांची लघवी बंद झाली होती. तिघांनी हेच घेतलं होतं."

१९५१ सालचा पौष होता. दिगंबर मास्तर बुऱ्हाणपुरातल्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत. एक बाटली अर्धी होती. ती मेलेल्या मुलाच्या आईची, सोजरबाईची. दुसरी दुकानाच्या फळीवरची, लाखेने बंद केलेली.

सोजरबाई प्रयोगशाळेच्या दारातच बसली होती. "गोड लागे, साहेब. पोरगं मांगून मांगून पे."

औषध बुधवारा पेठेतल्या मोतीलालचं; तो ते स्वतः बनवून विकायचा. पंडित आणि मास्तर त्याच्या दुकानी गेले. मोतीलालने औषधाला गोडी आणणाऱ्या ग्लिसरीनचा डबा पुढे सरकवला.

"सगळं याच डब्यातलं. गिरधरला मी नोकरीवरून काढलं. त्यानंच दुश्मनी काढली. फळीवरच्या बाटल्यांत काहीतरी मिसळलं त्यानं."

"लाख कोण लावतं?" मास्तरांनी विचारलं.

"मीच. वर माझ्या अंगठीचा ठसा."

"अंगठी कधी गिरधरला दिली होती?"

"बोटातून निघतच नाही ती."

आत त्याची नात कुसुम खोकली. मोतीलाल उठला. भरलेल्या फळीसमोरून गेला, कुलपाचं कपाट उघडलं आणि तिथल्या बाटलीतून तिला चमचाभर औषध पाजलं.

"तेच औषध?"

"बिलकुल तेच."

मास्तरांनी डब्यातलं थोडं ग्लिसरीन घेतलं आणि तीही बाटली मागून घेतली. द्यायला मोतीलालने जरा वेळ लावला.

प्रयोगशाळेत मास्तरांनी आधी डब्यातलं ग्लिसरीन तापवलं. पारा दोनशे नव्वदच्या आसपास गेला तसा द्रव विघटित होऊ लागला. पांढरा धूर निघाला, जळक्या चरबीचा दर्प आला, डोळे चुरचुरले. कपाटातल्या बाटलीचंही, पाणी उडून गेल्यावर, तेच झालं.

मग फळीवरची बाटली. आधी पाणी उडालं. पारा चढत गेला आणि दोनशे पंचेचाळीसवर थबकला. नळीतून नितळ द्रव ठिबकू लागला. चरबीचा दर्प नाही, डोळ्यांत पाणी नाही. सोजरबाईच्या बाटलीनेही तोच आकडा दाखवला.

ठाण्यात मोतीलाल आणि गिरधर समोरासमोर बसले होते.

"फळीवरच्या औषधात ग्लिसरीन नाहीच," मास्तर म्हणाले. "डायएथिलीन ग्लायकोल आहे. कापड रंगवण्याच्या कारखान्यात वापरतात. चवीला गोड, पण मूत्रपिंडं निकामी करतं."

"मग गिरधरनंच—"

"तुमची लाख अखंड होती. ठसा तुमचा, आणि अंगठी बोटातून निघत नाही. म्हणजे बाटली बंद झाली तेव्हाच आत विष होतं. डबा फक्त दाखवायला ठेवला होता."

"मला माहीत नव्हतं, मास्तर. ग्लिसरीन म्हणून पिंप विकणाऱ्यानं फसवलं."

"माहीत नव्हतं, तर कुसुमसाठी खऱ्या ग्लिसरीनचं औषध वेगळं का बनवलंत? फळी हाताशी होती. तुम्ही कुलूप उघडलंत."

मोतीलाल हलकेच म्हणाला, "ते स्वस्तात मिळालं. मोठ्यांना काही होत नव्हतं. वाटलं, मुलंही पचवतील. आणि त्या वस्तीत मुलं तशीही मरतातच."

गिरधरने खुर्ची मागे ओढली. मोतीलालच्या श्वासाच्या टापूत बसणंही मास्तरांना सोसवेना.

"फौजदारसाहेब," ते उठत म्हणाले, "फळीवर अजून किती बाटल्या आहेत?"

"चाळीसेक."

"आणि विकलेल्या?"

पंडितांनी मोतीलालकडे पाहिलं. तो आठवत होता.

"निंबोल्याच्या बाजारात," तो म्हणाला, "काल एक पेटी गेली."

पंडित जीपकडे धावले. मास्तर त्यांच्या मागे निघाले.