न भाजलेली तार

जप झाल्याशिवाय मी तोंडात पाणी घेत नाही. त्याच तोंडाने खोटं कसं सांगेन? हे माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. गुरुवारी, दिवसाढवळ्या चार वाजता, आमच्या कारखान्यात.

आम्ही काचेची, केसाएवढी बारीक फायबरची तार तयार करतो. आधी ती हायड्रोजनच्या टाकीत मुरवायची, मग लेझरने तिच्यावर खुणा कोरायच्या. प्रत्येक खूण आपल्या जागेची उष्णता सांगते. पण कोरल्यावर तार ओव्हनमध्ये भाजावीच लागते. नाहीतर आतला हायड्रोजन हळूहळू निघून जातो आणि खूण उष्णता कमी दाखवायला लागते.

भाजणं माझं काम.

"ताई, ही आपल्याच वाफेच्या भट्टीची तार. भाजत बसलात तर उद्या उजाडेल. करा सही," साहेब म्हणाले.

"पण साहेब..."

"बाकीचं तुमचा देव बघून घेईल हो!"

मी 'भाजली' असं लिहून सही केली.

भट्टीवर माझे धाकटे दीर होते. नेहमी चेष्टा करायचे, "वहिनी, तुमची सही दिसली की मी डोळे झाकून दार उघडतो."

महिन्याभराने पडद्यावर चाळीस अंश दिसले. आत होते एकशे दहा.

त्यांनी दार उघडलं...

वाफेत भावजी जागीच गेले. चौकशीत साहेब म्हणाले, "पडदा न बघताच उघडलं. धांदरटच होता तो." माझ्या जावेच्या तोंडावर म्हणाले.

माझ्या खोट्या सहीचं मी कुणालाच सांगितलं नाही.

त्यानंतरचा चौथा गुरुवार. भट्टीला कुलूप होतं. तार मात्र तशीच होती. भट्टीपासून बोळाच्या भिंतीवरून, साहेबांच्या खोलीतून, थेट माझ्या टेबलापर्यंत. बारा खुणा.

पडद्यावर पहिली खूण चढली... एकशे दहा.

मग ती उतरली. दुसरी चढली.

मग तिसरी...

कुणी सावकाश चालत यावं तशी.

"ताई, तुमची तार येडी झाली," शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला पोरगा हसला.

मी बोळात डोकावले. कुणीच नव्हतं. फक्त भिंतीला घाम सुटला होता.

नववी. दहावी.

अकरावी खूण साहेबांच्या खोलीत. आत ते फोनवर मोठमोठ्याने हसत होते.

हसणं मध्येच तुटलं.

आम्ही धावलो. दाराची कडी हाताला चटका देत होती. साहेब खुर्चीतच होते. चेहरा उकडलेला. कपडे कोरडे, पाण्याचा थेंबही नाही.

खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. देवापुढेही मी हेच सांगितलं.

मी टेबलाशी परत आले. अकरावी खूण थंड झाली होती.

आणि बारावी...

माझ्या मानेला ऊब लागली.

"भावजी," मी हळूच म्हटलं, "सही माझीच होती. सगळ्यांना सांगते."

त्याच संध्याकाळी मी सगळं लिहून दिलं. तेव्हापासून जाऊ माझ्याशी बोलत नाही. तिचंही बरोबरच आहे.

मी लिहून दिलं तशी बारावी खूण उतरली. चाळीसवर येऊन थांबली.

खोलीत पंखा लावला, खिडकी उघडली, तरी आजही चाळीसच दाखवते.

हे खरं चाळीस आहे, की भावजींना दिसलं होतं ते... अजून मला कळलेलं नाही.