सहावी कपार

या मोहिमेत आम्हाला काही शोधून आणायचं नव्हतं, पोचवायचं होतं. सफरचंदाच्या खोक्यात खाली ओलं गोणपाट, वर जाळी आणि मधे पाच कासवं. ती जिथून उचलली होती, नेमक्या त्याच खडकात सोडून यायची. कासव म्हटल्यावर डोळ्यांसमोर परातीएवढं काहीतरी येत असेल तर ते आधी विसरा. दक्षिण आफ्रिकेतल्या आमच्या नामाक्वालँडच्या खडकातली ही कासवं पूर्ण वाढली तरी साबणाच्या वडीएवढी, आणि नर तर त्याहून लहान, मुठीत धरला तर शेजारच्याला पत्ता लागणार नाही. पाठीवर काळे ठिपके, त्यामुळे ग्रॅनाइटवर गप्प बसलं की दगड कुठला आणि कासव कुठलं ते कळत नाही. याहून लहान जातीचं कासव जगात नाही, आणि नेमकं हेच हौशी लोकांना कळलंय. परदेशात घरच्या काचेच्या पेटीत ठेवायला त्यांना ही हवी असतात.

चोर पकडला तेव्हा त्याच्याकडे सहा होती. त्यातली एक मादी पोलीस ठाण्यातल्या टेबलावरच मेली. उरलेल्या पाचांनी तेव्हापासून काही खाल्लं नव्हतं. मी त्यांना फुलं दिली, कोवळी पानं दिली, उन्हात ठेवलं, सावलीत ठेवलं. ती तोंड फिरवून बसायची. रोज हातात घ्यायचे तेव्हा ती आदल्या दिवसापेक्षा हलकी लागायची, आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची. वन्यजीव खात्यात माझे केस पांढरे झाले, आणि एवढं मला पक्कं ठाऊक आहे की या कासवांना कुठलीही कपार चालत नाही, स्वतःचीच लागते. दुसरीकडे सोडलं तर ती घर शोधत चालत सुटतात, आणि उघड्यावर चालणारं कासव कावळ्याच्या पोटात जातं.

घराचा पत्ता एकाच माणसाला ठाऊक होता. ज्याने चोरली त्याला!

त्याचं नाव फ्रिक. तिशीचा, काटक, बोलायला गोड. जागा दाखवलीस तर शिक्षा कमी करू, असं कोर्टाने त्याला सांगितलं आणि त्याने मान डोलावली. म्हणून हा गृहस्थ आता आमच्या गाडीत, माझ्या शेजारी, माझ्याच बिस्किटांच्या पुड्यात हात घालून बसला होता. गाडी चालवायला एव्हर्त काका. काकांचे गुडघे गेलेत, जीभ मात्र शाबूत आहे.

"सबीना, पुडा तुझ्या बाजूला ठेव," काका म्हणाले. "त्याची उचलायची सवय अजून गेलेली नाही."

"काका, मी विचारून घेतलं," फ्रिक म्हणाला.

"कासवांनाही विचारलं होतंस का?"

कोरड्या नदीचं पात्र ओलांडताना गाडी वाळूत रुतली. चाकाखाली झुडपं घातली, दगड घातले, खोऱ्याने उपसलं. गाडी आणखी खाली गेली. पूर्वेकडून गरम वारा सुटला होता, तो तोंडावर भट्टीसारखा लागत होता. शेवटी मी हात टेकले. पाण्याचे कॅन पाठीवर घेतले, खोकं छातीशी धरलं आणि आम्ही कामीसच्या डोंगरात पायी निघालो.

"किती लांब आहे?" मी विचारलं.

"हे काय, पलीकडेच," फ्रिक म्हणाला.

पलीकडच्या टेकडीवर गोल गोल धोंडे होते, हत्तीच्या पाठीसारखे गुळगुळीत. भेग म्हणून औषधालाही नव्हती.

"इथे कासव राहणार कुठे? तुझ्या खिशात?"

"तेव्हा मला इथलंच वाटलं होतं," तो नजर चुकवून म्हणाला. "सगळे डोंगर सारखेच दिसतात, सबीनाताई."

ज्याचा जन्म याच डोंगरात शेळ्यांमागे गेला तो मला सांगत होता की सगळे डोंगर सारखेच दिसतात! मी दात-ओठ खाऊन पुढे चालायला लागले. रात्री आम्ही एका कड्याखाली झोपलो आणि खोकं मी पोटाशी धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशीची टेकडी जरा बरी होती. ग्रॅनाइटचे पापुद्रे सुटून चांगल्या आडव्या कपारी झालेल्या. मी हुरळून गेले. मी पोटावर पडून एका कपारीत कानोसा घेतला, आत काहीतरी खसपसलं. आत घालायला हात पुढे केला. फ्रिकने माझी कॉलर धरली आणि मला मागे ओढलं. आतून फूऽऽ असा आवाज आला. डोंगरी फुरसं! माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर त्याचं तोंड येऊन परत गेलं.

काका म्हणाले, "चोराने वाचवलं तुला. आता खात्याने त्याला पदक द्यायला हवं."

"जागा हीच ना?" मी फ्रिकला विचारलं.

"नाही. ही पण नाही."

"मग आणलंस कशाला इथे?"

त्याने पाण्याचा कॅन पाठीवर घेतला. एव्हाना माझ्या एक गोष्ट लक्षात आली होती. उजवीकडे एक लांब डोंगरसोंड होती, आणि वाट तिकडे वळली की हा हमखास डावीकडे वळायचा. आधी मला वाटलं चढ टाळतोय. पण डावीकडचा चढ जास्त होता. हा माणूस आम्हाला गोल गोल फिरवत होता, आणि का ते मला कळत नव्हतं. मोठ्या दलालाला वाचवतोय? पुन्हा येऊन चोरायचा बेत आहे? खोक्यातला सगळ्यात लहान नर आता पायसुद्धा आत ओढून घेत नव्हता. त्याला बोट लावलं तरी तो तसाच पडून राहायचा. त्याच्याकडे पाहिलं की मला रडू यायचं, आणि फ्रिककडे पाहिलं की त्याला एखाद्या दगडावर आपटावंसं वाटायचं.

दुपारी तो एका रुंद, उघड्या खडकापाशी थांबला. "हीच जागा," म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो."

कपारी होत्या. खाली खायला मांसल पानांची झुडपं होती, पिवळी फुलं होती. मला पटावंसं वाटत होतं, थकलेल्या माणसाला पटतंच. तरी सगळी एकदम सोडायला मन धजेना. सगळ्यात ताकदवान होती ती मादी मी उचलली आणि खडकावर ठेवली. आम्ही मागे सरकून बसलो.

बराच वेळ ती हलली नाही. मग मान बाहेर आली. पाय बाहेर आले. आणि ती चालायला लागली! एक कपार आली, ती तिच्यासमोरून निघून गेली. दुसरी आली, तिच्याकडे तिने पाहिलंही नाही. खडक संपला तशी ती उघड्या रेतीत उतरली आणि सरळ चालत राहिली, बाजारात हरवलेल्या पोरासारखी. ती उजवीकडच्या सोंडेच्या दिशेने निघाली होती.

"फ्रिक," मी म्हणाले, "तिला इथलं काही ओळखीचं नाही."

तेवढ्यात सावली पडली.

पांढऱ्या छातीचा कावळा! मी ओरडत धावले. पायातला बूट काढून फेकला, तो भलतीकडेच गेला. कावळ्याने मादीला चोचीत धरलं आणि तो उडाला. हे कावळे कासवाला उंचावरून खडकावर टाकतात, कवच फुटलं की खातात. समोर ग्रॅनाइटचा प्रचंड घुमट होता आणि कावळा त्याच्यावरच घिरटी घेत होता.

माझ्या आधी फ्रिक धावला होता. अनवाणी, दोन्ही हात टेकत तो घुमटावर चढत होता. तोंडाने शेळ्या हाकतात तशी किंचाळी मारत होता. त्याने दगड भिरकावला. लागला! कावळा डगमगला, चोच उघडली. मादी पडली, पण खडकावर नाही, घुमटाच्या कडेवर वाढलेल्या झुडपात. त्याच्या खाली सरळ तुटलेला कडा.

"फ्रिक, राहू दे!" काका ओरडले. "माकडा, मरशील!"

तो आडवा पडून सरकत गेला. हात लांबवला. झुडपातून मादी काढली आणि शर्टात टाकली. आणि मग त्याचा पाय सुटला. तो घसरला. पोटावर, हळूहळू, कड्याकडे. खडकावर धरायला काही नव्हतंच. मागोमाग आम्ही दोघंही घुमटावर पोचलो होतो. मी पाण्याच्या कॅनचा पट्टा सोडला, वरून पालथी पडले आणि पट्टा खाली टाकला. त्याच्या बोटांना तो लागला. निसटला. पुन्हा लागला. त्याने मूठ आवळली. काकांनी माझे दोन्ही पाय धरले आणि त्या गेलेल्या गुडघ्यांवर बसून असं ओढलं की आम्ही दोघं इंच इंच वर आलो.

वर आल्यावर फ्रिकने आधी शर्टात हात घातला. मादीच्या कवचाची कड तुटली होती, पण ती जिवंत होती. त्याच्या छातीचं कातडं सोललं होतं, त्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

"आता बोल," मी म्हणाले. "नाहीतर तुला परत खाली ढकलते."

तो मादीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "जागा त्या सोंडेवर आहे. माझ्या आईच्या शेळ्यांच्या तळाच्या वर."

"गाडीत तर तुझी आई शेळ्या घेऊन खाली वाळूच्या पट्ट्यात गेलीय म्हणालास."

"नाही गेली. या वर्षी वरच पाऊस झाला, ती वरच आहे. सबीनाताई, तिला काही माहीत नाही. तिथे फोन लागत नाही. तिला वाटतं मी खाणीत कामाला आहे." त्याने मादीला तळहातावर ठेवलं. "मी लहान असताना तिनेच मला ही कासवं दाखवली. कुठल्या कपारीत कोण राहतं, सगळं. मला वाटलं, तुम्हाला दुसरी बरी जागा दाखवावी. ती जगतील कुठेही, आणि आईला कळणार नाही."

मला भयंकर संताप आला. एवढ्यासाठी! आईला तोंड दाखवायला नको म्हणून याने आम्हाला दोन दिवस उन्हात फिरवलं, आणि तो लहान नर मरायला टेकला. काकांनी खोकं उचललं, माझा बूट शोधून आणला आणि सोंडेकडे बोट केलं.

उन्हं उतरताना आम्ही तळावर पोचलो. चटयांचं गोल घर, काट्यांच्या कुंपणात शेळ्या, बाजूला मोडकी पवनचक्की. फ्रिकची आई, ड्रीना मावशी, जाळीवर पाव भाजत होती. तिने आधी मुलाकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. मग तिला माझा गणवेश दिसला. मग खोकं. ती उठली, जाळीखाली डोकावली आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"मला वाटलं कावळ्यांनी नेली," ती म्हणाली. "रोज दगड मारत होते मी कावळ्यांना."

फ्रिक मान खाली घालून उभा होता.

"किती नेलीस?"

"सहा."

"यात पाच आहेत."

"एक मेली, आई."

"कोणती?"

"लांब भेगेतली."

मावशीने डोळे मिटले. "तू रांगत होतास तेव्हापासून ती त्या भेगेत होती," ती म्हणाली. "जा. अंधार पडायच्या आत बाकीच्यांना ठेव."

तळाच्या वरचा तो खडक मी कधी विसरणार नाही. मला एकही कपार दुसरीपासून वेगळी ओळखू येईना, पण फ्रिक क्षणभरही अडखळला नाही. हा इथला, ही इथली, असं पुटपुटत त्याने एकेकाला कपारीच्या तोंडाशी ठेवलं. तुटक्या कडेची मादी तोंड वळवून सरळ आत गेली, घरात शिरल्यासारखी. लहान नराला त्याने सगळ्यात शेवटी ठेवलं. तो हलला नाही. आम्ही तिघं श्वास रोखून बसलो. मग एक पाय बाहेर आला, दुसरा आला. कपारीत शिरायच्या आधी तो थांबला आणि दाराशी वाढलेलं एक बारीक पान त्याने खाल्लं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी ते पुसलंसुद्धा नाही.

खाली आलो तेव्हा मावशीने चहा ओतून ठेवला होता. तिने तिघांच्या हातात गरम पाव दिले, फ्रिकला सगळ्यात मोठा. मग म्हणाली, "ठेवलीस ते चांगलं केलंस. आता तू यांच्याबरोबर जा. शिक्षा संपली तरी इथे येऊ नकोस."

दोन दिवस त्याला शिव्या घालणारी मी, पण मलाच राहवेना. "मावशी, तो त्या तुटक्या कडेच्या मादीसाठी कड्यावर चढला. मरता मरता वाचला. मी पाहिलंय."

"त्याला चढता येतं ते मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "एकेक कपार ठाऊक आहे त्याला. म्हणून तर नको."

"कधीच नको?" फ्रिकने विचारलं.

मावशीने वर खडकाकडे पाहिलं. "त्या लांब भेगेत कोणी राहायला आलं की ये."

ही कासवं एका वेळी एकच अंडं घालतात. पिल्लू निघालं तर ते अंगठ्याच्या पेराएवढं असतं, आणि त्यातली बहुतेक कावळेच नेतात. जे वाचेल ते मोठं होऊन स्वतःची कपार धरायला वर्षानुवर्षं लागतात. मावशीची सत्तरी उलटली होती. तिला हे सगळं ठाऊक होतं, आणि फ्रिकलाही तिनेच शिकवलेलं होतं.

त्याने पाव खाल्ला नाही. तो पवनचक्कीकडे बघत होता. वरच्या चौकटीत कावळ्याचं मोठं घरटं होतं, काड्यांचं आणि कुंपणाच्या तारांचं.

"आई, जायच्या आधी ते पाडू?"

"पाड," ती म्हणाली. "मग जा."

तो सोललेल्या छातीने गंजलेल्या शिडीवर चढला. कावळे त्याच्या डोक्याभोवती ओरडत होते. मावशी चुलीपाशी बसून पावाची पुढची खेप उलटत होती, आणि वरून तारांचे तुकडे एकेक करून आमच्यापुढे पडत होते.