पिवळ्या छत्रीचा टेक

शूटिंगसाठी टँकरचा पाऊस सुरू झाला. नायकाने नायिकेचा हात धरला, आणि त्यांच्या मागून एक बाई पिवळी छत्री उघडून खुशाल चालत गेली.

दिग्दर्शक ओरडणार, तोच दरवेळी अडखळणारा नायक संवाद घडाघडा बोलून मोकळा झाला. दिग्दर्शकाने ओरडणं गिळलं. टँकरही रिकामा झाला. म्हणजे तोच टेक ठेवणं आलं!

तो धावत बाईंना गाठायला गेला. समोरच त्यांचा दातांचा दवाखाना होता.

"उद्याही याल? हेच कपडे, हीच छत्री. जवळून घ्यायचे शॉट राहिलेत. मागची बाई मध्येच गायब कशी होईल?"

"मधल्या वेळात धुतले तर चालतील ना?" डॉक्टरीणबाई हसल्या.

त्या रोज येऊ लागल्या. दिग्दर्शकाच्या सूचनाही वाढू लागल्या.

"जरा... इकडे बघून चाला."

"पहिल्या दिवशी बघितलं नव्हतं. मग आज कसं बघू?"

बिचारा कानापर्यंत लाल!

शेवटचा दिवस उजाडला. दुपारीच काम संपलं. उद्या सगळा लवाजमा दुसऱ्या गावी जाणार होता. मालिकेतल्या कितीतरी जोड्यांना 'प्रेम आहे' म्हणायला शिकवलेल्या या माणसाला स्वतःचं एक वाक्य जमेना.

"आणखी एक टेक!" तो म्हणाला.

"कशाचा? नायक तर घरी गेला," कॅमेरामनकाका म्हणाले.

"मागच्या बाईंचा."

बाई चालल्या. "पुन्हा एकदा." पुन्हा चालल्या. "अजून एकदा..." आता त्या थेट कॅमेऱ्यासमोर येऊन थांबल्या.

"कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला नाही."

"तो... बिघडलाय."

"बंद आहे, बाई. दुपारपासून," काकांनी सांगून टाकलं.

दिग्दर्शकाने मान खाली घातली. मग एकदम वर केली. "पण तुम्हाला ठाऊक होतं, तर चालत का होता?"

"तुम्ही चालवत का होता?"

बाईंनी छत्री त्याच्या डोक्यावर धरली. "दिवसभर लोकांची तोंडं उघडवते मी. तुमचंच तेवढं उघडेना! हं... अजून थोडं..."

"उद्या जायचंय... पण मला... तुम्ही फार आवडता. दर रविवारी आलो तर चालेल?"

टँकरच्या पाइपात उरलेले शेवटचे थेंब छत्रीवर टपटपले. काकांनी हळूच एक बटण दाबलं. लाल दिवा लागला.

बाईंनी तो पाहिला. गालातल्या गालात हसत म्हणाल्या,

"पुन्हा म्हणा ना. मघाचं रेकॉर्ड झालं नाही."