ताटीच्या पलीकडची खुर्ची

खुर्ची एका पायाने अधू आहे, हे गिरजाला कोणी सांगितलं नव्हतं. पावसाने ओला झालेला पदर सावरत ती टेकली आणि डावीकडे कलंडली. समोरच्या टेबलावरचा तरुण झटकन उठला, हात पुढे केला… आणि त्याने पकडली ती कलंडणारी दौत.

"बाई पडली तं चालते, दौत पडली नाई पायजे, असं हाय का?" गिरजा जमिनीवरून म्हणाली.

"तुमाले पकडलं असतं तं हपिसात बोंब झाली असती," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "दौत कोनाले सांगत नाई."

हा मुखरू. साल सत्तावन्न, भाद्रपदाची झड, अहेरीची वनखात्याची एका खोलीची कचेरी आणि नागभीडहून आलेल्या गिरजाचा नोकरीचा पहिला दिवस. झाडांच्या, जंगलातून आलेल्या आणि पावसाने फुगलेल्या याद्या सुबक अक्षरात उतरवायच्या, मग मिळवणी करायची. म्हणजे मुखरूने मूळ यादी मोठ्याने वाचायची आणि गिरजाने नकलेवर बोट ठेवून ओळ न् ओळ तपासायची. सहा महिने नोकरी कच्ची. चुका कमी निघाल्या तर हेडक्लार्क दादाजी ती पक्की करणार होते, नाहीतर नागभीडची परतीची गाडी होतीच.

पण मुखरूचं वाचणं! यादी वाचतोय की गाऱ्हाणं सांगतोय, कळायचं नाही.

"साग… घेर एक्केचाळीस. ऐन… घेर छत्तीस, बुडाले वाळवी, बिचारा. हलदू… एकटाच हाय, बाई. आजूबाजूले कोनी नाई त्याच्या."

"घेर सांगा."

"घेर तीस. वय सत्तावीस."

"झाडाचं वय यादीत नसते."

"झाडाचं कोन सांगून राह्यलं?"

गिरजाचं बोट दोन ओळी खाली घसरलं.

माणसं मोजायची तिला जात्याच खोड. कोण किती वेळा जांभई देतो, कोण कोणाचं नाव घेताना आवाज बदलतो, सगळं तिच्या मनात टिपलेलं असायचं. पंधरा दिवसांनी तिने दादाजींच्या हाती रीतसर अर्ज ठेवला: 'समोरील टेबलाकडून दररोज खुर्ची करकरणे नऊ वेळा, गुणगुणणे चौदा वेळा, माझ्याकडे पाहणे एकवीस वेळा. कामात लक्ष लागत नाही. टेबलं वेगळी करावीत.'

दादाजींनी चष्मा कपाळावर चढवला. "एकवीस डाव पायते तो? तुले कसं मालूम पोरी? मोजाले तुलेबी तं पाहा लागलं असन."

गिरजाचे कान तापले. पण कागदावर आलेलं दादाजी टाळत नसत. तिसऱ्या दिवशी दोन टेबलांच्या मधोमध बांबूची ताटी उभी राहिली, पार छपरापर्यंत.

काय ती शांतता! गिरजाने पहिल्या दिवशी दीडपट पानं उतरवली. मिळवणी बंद झाली. ज्याने त्याने आपलं आपणच तपासायचं ठरलं.

चौथ्या दिवशी एका झाडाचं फुगलेलं नाव अडलं. आधी ती कागद नुसता समोर फिरवायची, मुखरू एका नजरेत सांगायचा, "बीजा." आता उठायचं, दादाजींच्या टेबलाला वळसा घालायचा, सगळ्यांच्या नजरा झेलायच्या… त्यापेक्षा तिने अंदाजाने 'ऐन' लिहून टाकलं. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्याला लगेच दिसत नाही. आणि पलीकडची खुर्ची करकरली की… छे! आधी तो काय करतोय हे दिसत तरी होतं. आता सगळा दिवस ते ओळखण्यातच जायचा.

मग सिरोंच्याच्या कचेरीतून मागणी आली: एक कारकून पाठवा.

"ताटी टाकल्यापासून दोघायचं काम अलग अलग चालते," दादाजी म्हणाले. "मंग दोघं कायले? मुखरू, सोमवारी निघ."

गिरजा ताटीजवळ तोंड नेऊन कुजबुजली, "तुमी काई बोलले काऊन नाई?"

"बोलत होतो म्हनूनच तं ताटी आली, बाई," पलीकडून आवाज आला. हसरा… पण पुरता नाही.

शनिवारी दुपारी गिरजाने आपल्या नकला मूळ याद्यांसकट दादाजींपुढे मांडल्या. "ताटीच्या आधी पन्नास पानांत दोन चुका. ताटीनंतरच्या पन्नासांत एकोणीस. मीच पुन्हा तपासून काढल्या. मिळवणीले दोन मानसं लागतात, दादाजीभाऊ. बदली थांबवा."

"हे दाखवून आपलीच नोकरी घालवून राह्यली तू, समजते का?"

"समजते."

"एकोणीसच्या एकोणीस ताटीच्याच का?"

गिरजा खोटा आकडा सांगणारी नव्हती. "नाई. दहा ताटीच्या. नऊ… पलीकडच्या मानसाच्या. तो दिसत नाई, मंग माह्यं बोट ओळीवर राहात नाई."

बांबूची ताटी नजर अडवते, आवाज नाही. पलीकडची खुर्ची करकरली. मग पावलं वाजली, आणि दादाजींच्या टेबलाला पुरा वळसा घालून मुखरू तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"दादाजीभाऊ, सिरोंच्याले एक नाई, दोन पाठवा. एकाच टेबलावर."

"लगनाबिगर पाठवन का मी दोघाले?"

"तेच तं विचारून राह्यलो… यायले," मुखरूने गिरजाकडे मान वळवली.

दादाजी मोठ्याने हसले. "साऱ्या हपिसाले भाऊ म्हनते ही पोरगी, एक तुले सोडून! मी पयल्याच हप्त्यात समजलो होतो. नागभीडले हिच्या बापाले कागद मी लिहितो. सिरोंचेवाले दिवारीच्या सणापर्यंत थांबतीन. पन आधी तिचं तं आइक."

गिरजाने मुखरूकडे पाहिलं—सरळ, न मोजता.

"सिरोंच्याच्या हपिसाले खोल्या किती?"

"एकच. तेबी लहानशी."

"मंग चालते," गिरजा म्हणाली.